तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ का लिहीत नाही

"तुझी श्रद्धा आहे की नाही ते एकदा सरळ लिहून टाक ना, सारखं विहीर, दोर, पोहरा कशाला?" श्रद्धेवर मी विहिरीचं एकच रूपक धरून दीर्घकविता लिहितेय, त्यावरून हा प्रश्न मला जवळच्यांनी विचारलाय, अनोळखी लोकांनी विचारलाय, आणि दर वेळी मी काहीतरी थातूरमातूर बोलून विषय बदललाय. आता एकदाच नीट सांगते. पटलं नाही तरी चालेल, पण पुढच्या वेळी मी लपतेय असं म्हणण्याआधी हे वाचलेलं असू दे.

पहिली गोष्ट, सरळ लिहून बघितलंय. "माझा विश्वास आहे" असं लिहिलं की ते संध्याकाळपर्यंत खोटं वाटायला लागतं आणि "विश्वास नाही" असं लिहिलं की रात्री झोपताना हात आपोआप जोडले जातात, मग त्या वाक्याचं काय करायचं? दोन्ही वाक्यं खरी असतात पण एका वेळी एकच लिहिता येतं. विहिरीचं तसं नाही. विहीर माणूस खणतो, पण पाणी काही तो तयार करत नाही. म्हणजे "हे सगळं माणसानेच केलंय" असं म्हणणारा बरोबर, आणि "जे लागलं ते आधीपासून तिथे होतं" म्हणणाराही बरोबर, आणि खणूनही कोरडी राहिलेली विहीर असतेच, तिच्या काठावर बसलेला माणूसही खोटा नाही. हे सगळं मला एका चित्रात मिळत असेल तर मी ते का सोडू?

आणि रूपक म्हणजे सजावट असं जे तुम्ही धरून चालता ना, तिथेच माझं भांडण आहे. एखाद-दुसरी उपमा सजावट असेलही. पण एकच रूपक पन्नास पानं चालवायचं म्हटलं की ते तुमच्यावर बंधनं घालतं. एकदा विहीर म्हटलं की दोर कुणी वळला ते सांगावं लागतं, गाळ कुठून आला ते सांगावं लागतं. बरेच दिवस उपसा नसला की पाणी खराब होतं, झऱ्यांची तोंडं गाळाने बुजतात, म्हणून कुणीतरी आत उतरून तो काढावा लागतो. मी शंकेला आधी गाळ म्हटलं होतं. लिहिता लिहिता कळलं की शंका म्हणजे तर गाळ काढायला उतरणारा माणूस. हे मला आधी माहीत नव्हतं, विहिरीने सांगितलं. सरळ लिहिलं असतं तर मी आयुष्यभर शंकेला गाळच म्हणत राहिले असते.

आपल्या भाषेत याला सांगरूपक म्हणतात, सगळ्या अंगांसकट चालवलेलं रूपक. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणपती म्हणजे अख्खं वाङ्मय असं रूपक आहे, त्यात परशू म्हणजे तर्क आणि हातातला मोडका दात म्हणजे खंडन झालेलं बौद्ध मत. मी हे कितीदा वाचलंय, पण दर वेळी त्या दाताशी थांबते. ज्या मताचं खंडन झालं ते मूर्तीच्या बाहेर फेकलेलं नाही, देवाच्या हातात दिलंय. त्याचा अर्थ मी लावते तसाच आहे असा माझा दावा नाही, पण मला लिहायचं धैर्य तिथून मिळालं.

आता खरं सांगायचं ते.

माझे बाबा रोज सकाळी प्रार्थना करायचे, मला आठवतंय तेव्हापासून. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यात त्यांनी ती बंद केली, कुणाला काही न बोलता. एका रात्री तीनच्या सुमाराला मी उशाशी बसले होते तर म्हणाले, "झोपलीस का गं?" मी म्हटलं, नाही बाबा. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "इतकी वर्षं बोललो मी त्याच्याशी. पलीकडे आहे का गं कोणी?"

तेव्हा माझ्या दीर्घकवितेचे अकरा भाग लिहून झाले होते. मी म्हटलं, "बाबा, विहीर आटलेली नसते, कधी कधी आपला दोर आखूड पडतो."

आणि म्हणताना मला ते वाक्य आवडलं. हे इथे लिहायला मला चार वर्षं लागली. माझा बाप अंधारात मला विचारत होता आणि माझ्या डोक्यात आलं की हे बाराव्या भागात घेता येईल.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तुला प्रश्न विचारला होता." आणि भिंतीकडे वळले.

मला "माहीत नाही, बाबा" म्हणता आलं असतं. दोन शब्द. किंवा नुसता हात धरता आला असता. मी त्यांना कविता दिली. त्यामुळे तुम्ही जेव्हा म्हणता की तू रूपकामागे लपतेस, तेव्हा मला राग येतो तो तुम्ही चुकीचं बोलता म्हणून नाही, त्या रात्रीपुरतं तुमचं शंभर टक्के खरं आहे म्हणून येतो.

पण दोन दिवसांनी मी त्यांचे ओठ ओले करत होते तेव्हा ते अगदी स्पष्ट म्हणाले, "किती खोल?" मी वाकून विचारलं, काय बाबा? उत्तर नाही आलं, नंतर कधीच नाही आलं. ते विहिरीबद्दल विचारत होते की औषधांच्या गुंगीत दुसरंच काही होतं? मी दोन्ही बाजूंनी भांडून झालेय. ते माझं रूपक हातात घेऊन माझ्याही पुढे गेले होते असं मानलं तर मला सुटल्यासारखं वाटतं, म्हणूनच मी ते मानायला घाबरते.

तेविसाव्या वर्षी मी एका कवितेत लिहिलं होतं की खोल विहिरीच्या तळातून दिवसासुद्धा तारे दिसतात, म्हणून श्रद्धेने खोल उतरावं. लोकांना ती ओळ फार आवडते, अजून कुणी ना कुणी पाठवतं. ते खोटं आहे. विहिरीतून दिसणारा आकाशाचा तुकडा दिवसा तेवढाच उजळ असतो, तारे त्यात बुडालेलेच राहतात. तेव्हाची मी म्हणेल, अगं कविता आहे ती, त्यात कसलं विज्ञान शोधतेस. मी तिला म्हणते, ज्या विषयात आधीच काही तपासून बघता येत नाही तिथे निदान विहीर तरी खरी ठेव. त्यावर ती म्हणते, मग तुझ्या खऱ्या विहिरीने बाबांना काय दिलं? इथे माझ्याकडे बोलायला काही उरत नाही.

खऱ्या विहिरीत दगड टाकून आवाज यायला साधारण दोन सेकंद लागले तर पाणी वीसेक मीटर खाली आहे असा अंदाज करता येतो. प्रार्थनेत दगड टाकला आणि आवाज आलाच नाही तर? खूप खोल असेल, किंवा तळाला मऊ गाळ असेल, किंवा तिथे विहीरच नसेल, आपण उगाच कठडा बांधून बसलो असू. या तिन्हींतलं कुठलं हे मी कागदावर ठरवू शकत नाही आणि कागदाबाहेरही ठरवू शकलेले नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाचं हो किंवा नाही मी देत नाहीये. देता येत असतं तर त्या रात्री दिलं असतं.

"मी तुला प्रश्न विचारला होता" हे वाक्य मी दीर्घकवितेत तीनदा घातलं आणि तीनदा काढलं, ते विहिरीच्या चित्रात बसतच नाही. सध्या ते फाइलच्या शेवटी एकटंच आहे, वर बरीच जागा मोकळी सोडून.