शिजवलेली रीडिंगं

आमटी उकळली की पळीतला एक थेंब तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची आणि चाटायचा. दहावीची सुट्टी लागल्यापासून आत्याच्या हाताखाली मी हेच करत होतो. त्यामुळे अकरावीला लॅबच्या पहिल्याच आठवड्यात काचकांडीवरचा थेंब तळहातावर घेतला तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑक्झॅलिक ॲसिड होतं ते. जीभ पोचायच्या आत मॅडमचा आवाज पोचला. नळाखाली हात धरून उभं राहिल्यावर मी खरं काय ते सांगितलं, "मॅडम, सवय आहे. घरी आमटी करतो."

पुढची दोन वर्षं माझं नाव आमटी.

आत्या पुण्यात कसबा पेठेत राहते. सकाळी 22 डबे जातात तिच्याकडून. मी बार्शीकडून शिकायला आलेलो, खोलीभाडं वाचलं म्हणून पोळ्या लाटायचो आणि फोडण्या टाकायचो. हाताला अंदाज चांगला होता माझ्या. आत्या तर म्हणायची, "याला चमचा देऊच नका, याची चिमूट बरोबर असते." या चिमटीनेच लॅबमध्ये माझा घात केला.

स्वयंपाकात चुकलं तरी रस्ता असतो. मीठ जास्त झालं, पाणी वाढव. पातळ झालं, कूट घाल. टायट्रेशनमध्ये तो नसतो. ब्युरेट नावाच्या खुणांच्या उभ्या नळीतून जांभळं परमँगनेट फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये थेंब थेंब सोडायचं, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, आणि किती मिली लागलं ते रीडिंग. ब्युरेटचा कॉक एकदा जास्त फिरला की संपलं, फ्लास्क ओता, धुवा, पुन्हा 10 मिली पिपेटने घ्या. फ्लास्क पाण्यानेच धुवायचा, पण ब्युरेट आतून त्याच द्रावणाने खळबळून घ्यायची, नाहीतर भिंतीला राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं. एवढं मला समजलं. थेंब मात्र जमेना. माझी रीडिंगं यायची 10.4, 9.6, 10.9. आणि हवं असायचं 'सी.बी.आर.', म्हणजे सारखं येणारं रीडिंग.

मग सगळे करतात तेच मी केलं. आमच्या लॅबमध्ये याला 'कुक करणं' म्हणतात. आधीच्या बॅचला विचारायचं किती आलं, आणि तेवढंच वहीत उतरवायचं. मी तीन ओळींत 9.8, 9.8, 9.8 लिहिलं. मॅडम मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. माझा फ्लास्क जांभळाभोर, ब्युरेट 11 च्याही खाली गेलेली, आणि वहीत 9.8. त्यांनी आधी वही पाहिली, मग ब्युरेट, मग मला.

"आमटी, स्वयंपाक घरी करायचा."

हसण्याचा कल्लोळ झाला. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बॅचमधल्या निम्म्या वह्यांत तेच 9.8 होतं. पण त्यांचे फ्लास्क निदान गुलाबी होते.

त्या दिवशी सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि एकच टायट्रेशन माझ्याबरोबर केलं. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये पातळ सल्फ्युरिक घातलं आणि फ्लास्क 60-70 अंशांपर्यंत तापवला. (हायड्रोक्लोरिक का नाही, तर परमँगनेट त्यातून क्लोरीन काढतं.) पहिला थेंब पडला, गुलाबी झाला आणि तसाच राहिला. मी लगेच पेन उचललं. त्या म्हणाल्या, "थांब." आम्ही दोघं नुसते फ्लास्क हलवत राहिलो. हळूहळू रंग विरला. दुसरा थेंब जरा लवकर विरला, आणि मग पडेल तो थेंब पडल्याबरोबर गडप. सुरुवातीला उशीर लागतो कारण क्रियेला वेग देणारे मँगनीजचे आयन त्या क्रियेतूनच तयार होतात. ते थोडे साठले की गाडी पळते. आधी दोनदा माझ्या फ्लास्कला चहाचा रंग आला होता, त्याचंही उत्तर मिळालं. फ्लास्क थंड झाला होता आणि ॲसिडही मी 'अंदाजाने' घातलं होतं, म्हणून मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ आला. परमँगनेट गडद असतं, त्यामुळे रीडिंग द्रावणाच्या वरच्या कडेवर घ्यायचं, हेही तेव्हाच शिकलो. तोवर मी खालच्या वळणाची कड शोधत डोळे फोडत होतो.

सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखणं, मला सोपं जाईल असं वाटलं होतं, कारण तिथे नाक आणि डोळे लागतात. एकदा पांढरी पूड मिळाली. कोरड्या परीक्षानळीत तापवली तर वरच्या थंड भागात पांढरा थर धरला. सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम केलं आणि नाकात झणका गेला. हा वास माझ्या ओळखीचा होता. आत्याचं पितळी पातेलं तांबट आळीजवळ कल्हईला न्यायचं काम माझंच. चिंचेची आमटी कल्हई गेलेल्या पातेल्यात कळकते म्हणून दर काही महिन्यांनी ती फेरी व्हायची. भांडं तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवतात, की पातेलं चांदीसारखं. मी ऐटीत वहीत पहिल्याच ओळीत नवसागराचं पुस्तकी नाव लिहिलं : अमोनियम क्लोराइड.

उत्तर बरोबर. मॅडमनी ती ओळ खोडली. "टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स. नाव शेवटी." मग मुकाट्याने हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी धरली, दाट पांढरा धूर आला, तो लिहिला. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका आला, तोही लिहिला. पुस्तकात त्याला दह्यासारखा म्हटलंय. ज्याने कुणी म्हटलं त्याने दही लावलेलं नसावं. तो फाटलेल्या दुधासारखा दिसतो.

त्यानंतर मी आत्याच्या ओट्यावर एक शंभरपानी वही ठेवली. तेच तीन रकाने. ढोकळ्यावर लाल ठिपके आले, इन्फरन्स : सोडा नीट मिसळला नाही, हळद अल्कलीत लाल होते. हरभऱ्याच्या उसळीत चिंच आधी पडली, दाणा मऊच होईना. आत्याने ती वही उघडून पाहिली आणि विचारलं, "हे मला माहीत नव्हतं असं वाटतं का तुला?" माहीत होतंच. लिहिलेलं मात्र नव्हतं.

बारावीला केमिस्ट्रीचे 70 गुण लेखीचे आणि 30 प्रॅक्टिकलचे. प्रॅक्टिकलला बाहेरचे सर येतात. माझं पहिलं रीडिंग 9.9 आलं, दुसरं 10.2, तिसरं 9.9. आजूबाजूला पेनं भराभर चालत होती. मी 10.2 तसंच राहू दिलं, चौथ्यांदा केलं, पुन्हा 9.9. सरांनी 10.2 वर बोट ठेवलं. "हे काय?"

"सर, पाच-सहा थेंब जास्त पडले."

"बरं. पहिला थेंब उशिरा का विरतो?"

मी मँगनीजचे आयन सांगितले आणि वर जोडलं, "विरजणासारखं, सर. लागायला वेळ लागतो, मग आपलं आपण वाढतं."

"विरजणात जिवाणू असतात," सर म्हणाले. "उदाहरण चालेल. पेपरात लिहू नकोस."

घरी आलो तेव्हा बोटं तपकिरी झाली होती, परमँगनेटचे डाग. साबण लावून झाला, राख लावून झाली. आत्याने हात पाहिले आणि परातीपासून मला लांब केलं. मग अर्धं लिंबू कापून माझ्या बोटांवर घासलं. डाग बघता बघता फिके होत गेले.

"तुला कसं माहीत?"

"शर्टाचा गंज लिंबाने जातो. म्हटलं, हेही जाईल."

मी वहीकडे हात नेला तर तिने मनगट धरलं. "आधी हात धू. कणीक भिजवायची राहिलीय, आणि आज दोन डबे जास्त आहेत."