शिवेचा महजर आणि मुलाखतीतील एक प्रश्न

सहायक प्राध्यापकांच्या निवड समितीवर इतिहासाची विषयतज्ज्ञ म्हणून मी अनेक वर्षे जाते आहे. त्यांतील एका मुलाखतीत विचारला गेलेला प्रश्न मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही, म्हणून संस्थेची आणि व्यक्तींची ओळख बाजूला ठेवून तो प्रसंग येथे मांडते आहे.

उमेदवार दलित समाजातील होता आणि त्याचा प्रबंध पेशवेकाळातील ग्रामीण न्यायव्यवस्थेवर होता. नमुना तासासाठी त्याने दोन गावांमधील शिवेच्या तंट्याचा एक मोडी महजर, म्हणजे सभेने साक्षीपुराव्यांवरून दिलेला लेखी निवाडा, घेतला होता. गावकरी आणि वतनदारांच्या गोतसभेपुढे वाद कसा आला, कोणाच्या साक्षी झाल्या, पाटलाने नांगराची निशाणी कुठे केली, हे सांगत तो साक्षीदारांच्या यादीपाशी आला आणि ‘नाक’ असा शेवट असलेल्या नावांवर थांबला. ही नावे महार वतनदारांची. गावाची शीव राखणे हे त्यांच्या वतनाचे काम असल्यामुळे शिवेच्या वादात त्यांच्या शब्दाला मोठे वजन असे. ज्याला गावाच्या आत राहण्याची मुभा नव्हती, त्याच्याच सांगण्यावरून गावाची हद्द ठरत होती, ही विसंगती त्याने आवाज न चढवता, केवळ कागदाच्या आधाराने उलगडून दाखवली. असे कागद मीही शिकवत आले आहे. पण साक्षीदारांच्या यादीवर मी इतका वेळ क्वचितच थांबले असेन.

त्यानंतर समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “तुम्ही आपल्या समाजाचा, आंबेडकरी चळवळीचा विषय का घेतला नाहीत? पेशवाई तुम्ही शिकवलीत तर विद्यार्थ्यांना ती निष्पक्ष वाटेल का?”

उमेदवार क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, माझे वाचन चुकले असेल तर कागदावरची ओळ दाखवा, मी ते दुरुस्त करीन. ती नावे माझ्या नजरेत का भरली, याचे कारण माझ्या घरात असेलही. पण ती नावे मी लिहिलेली नाहीत.”

मला हे उत्तर पूर्ण वाटले. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा तो कंपनी सरकारचा माजी अधिकारी होता आणि त्याचे हितसंबंध उघड होते. तरीही त्याच्या मांडणीला खरा शह बसला तो राजवाड्यांसारख्या संशोधकांनी गावोगाव हिंडून साधने गोळा केली आणि १८९८ पासून ती खंडाखंडांनी छापली तेव्हा. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणारे जदुनाथ सरकार बंगाली होते, हिरोशी फुकाझावा जपानी, आणि आंबेडकरी चळवळीवर १९६९ मध्ये प्रबंध सादर करणाऱ्या एलिनॉर झेलियट अमेरिकी. त्या टेबलाभोवतीच्या आम्हा सर्वांनी यांचे लेखन वाचले होते, वापरले होते आणि त्यांच्याशी मतभेदही नोंदवले होते. परंतु त्यांच्यापैकी कोणाच्या बाबतीत ‘विद्यार्थ्यांना हे निष्पक्ष वाटेल का’ असे आम्ही कधी विचारले नव्हते. परक्या देशातील अभ्यासकाला आपण विनातक्रार देतो तो विश्वास, आपल्याच गावकुसाबाहेरून आलेल्या अभ्यासकाला देताना हात आखडतो, याचे मला मनापासून दुःख झाले.

अभ्यासकाच्या ओळखीने काहीच फरक पडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकातून समोर आला, तो उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्या स्त्रियांना शोधून काढून, त्यांच्यासमोर बसून त्यांचे बोलणे लिहून घेतले म्हणून. त्या स्त्रिया ज्या मोकळेपणाने त्यांच्याशी बोलल्या, तो माझ्यासारखीच्या वाट्याला सहज आला नसता. कोणता प्रश्न सुचतो आणि कोणते दार उघडते, हे बऱ्याच अंशी आपण कोठून आलो यावर ठरते. हाती आलेले खरे की खोटे, हे ठरवताना मात्र जन्मदाखला कामाला येत नाही.

पुढच्या उमेदवार सवर्ण होत्या आणि त्यांचा प्रबंध १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहावर होता. त्यांना तो प्रश्न कोणीही विचारला नाही. तेव्हा मी विचारले, “तुमच्या मांडणीत चळवळीतील माणसाला काय खटकेल, असे तुम्हाला वाटते?” त्यांनी विचार करून सांगितले, की डॉ. आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्राचे अंक आणि सरकारी अहवाल यांतून त्यांना पुढाऱ्यांचे निर्णय सापडले, पण चवदार तळ्यावर चालत आलेल्या आणि परतताना मार खाल्लेल्या सामान्य माणसांचे म्हणणे फार थोडे मिळाले, ती उणीव त्या वर्गात आधीच सांगतील. हेही उत्तर मला आवडले.

गुण भरण्याच्या वेळी त्या सदस्यांनी पहिल्या उमेदवाराच्या ‘विषयज्ञान’ या रकान्यात बरेच कमी गुण दिलेले दिसले. मी त्यांना नमुना तासातील एक तरी चूक लेखी नोंदवण्याची विनंती केली. त्यांनी महजराची प्रत पुन्हा मागवली, बराच वेळ पाहिली, आणि आकडा खोडून नवा लिहून त्याखाली सही केली.