समुद्र शेजारी असताना कालव्यातून का?

अलिबागला घरी आलो की काका, मामा, शाळेतले मित्र, सगळे एकच विचारतात: "अटलांटिक दाराशी असताना तुम्ही होडी कालव्यातून कशाला नेता?" आम्ही दोघं अमेरिकेत नॉर्फोकजवळ राहतो आणि दर ऑक्टोबरात आमची शिडाची होडी इंट्राकोस्टल वॉटरवेनं, म्हणजे किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गानं, दक्षिणेला नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून त्यातला पहिला दिवस सांगतो.

आधी कारण. नॉर्फोकच्या खाली केप हॅटरासचं टोक समुद्रात घुसलंय. त्याच्यापुढे डायमंड शोल्सची वाळू मैलोन्‌मैल पाण्याखाली पसरलेली. गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला मोठा प्रवाह उत्तरेला वाहतो. समोरून उत्तरेचा वारा सुटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्या पट्ट्यात शेकडो जहाजं बुडाली आहेत. दोन माणसांच्या होडीनं तिथं जायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे.

पहाटे निघतो. मैल शून्य नॉर्फोकलाच. पहिले दोन तास युद्धनौका, गोद्या आणि उघडणारे पूल. मग साडेअकराव्या मैलाला ग्रेट ब्रिजचं लॉक येतं: दोन दरवाजांमधली 600 फूट लांब पाण्याची खोली. मागचा दरवाजा मिटतो, पाणी जेमतेम एक-दोन फूट वर-खाली होतं. बायको नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभी असते. दोर खुंट्याला एकच वेढा देऊन हातात धरते, पाणी हलेल तसा सोडते किंवा ओढून घेते. दोर बांधून टाकायचा नाही; पाणी उतरलं तर होडी त्यालाच लटकेल. हे लॉक खारं पाणी आत येऊ देत नाही. आपल्याकडे खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, उघाडी (पाण्याचं दार) असते ना, तिचंच काम. मला दरवेळी आजोबांचं शेत आठवतं.

पुढे 1859 साली खुला झालेला सरळ कालवा. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, झाडांच्या पाल्यानं. नंतर कालवा नदीला मिळतो, नदी रुंदावते आणि करिटक साउंड, म्हणजे किनाऱ्याच्या आतलं रुंद, उथळ पाणी, लागतो. दिवसातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

बाबांनी शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला भांग (कमी भरती), पुनवेला उधाण (मोठी भरती). करिटकला हे काहीच चालत नाही. चंद्राची भरती तिथवर पोचतच नाही, पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्यानं. दक्षिणेचा वारा पाणी भरतो, उत्तरेचा उपसून नेतो. पंचांग पाठ असलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. एकदा दोन दिवस उत्तरेचा वारा वाहिल्यावर आम्ही खुणेच्या खांबापासून जरासे बाहेर गेलो आणि तळ गाळात रुतला. संध्याकाळी वारा फिरला, पाणी हळूहळू चढलं, होडी आपोआप सुटली. वाऱ्याबरोबर पाणी येताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. त्या खांबांवर ऑस्प्रे हे मासे खाणारे शिकारी पक्षी काटक्यांची मोठाली घरटी बांधतात. ऑक्टोबरात ती बहुतेक रिकामी असतात.

बाहेरच्या समुद्रात दिवसभर एकच क्षितिज. इथं दर वळणाला पाणी वाचावं लागतं, आणि ते वाचता येऊ लागलं की बाहेर जावंसं वाटत नाही.

पन्नासाव्या मैलाला कॉइनजॉक हे गाव, रात्रीचा मुक्काम. धक्क्याला लागलो की बायको दोर बांधते, मी वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवतो. उद्या आल्बेमार्ल साउंड ओलांडायचा असतो. तो उथळ आहे, थोड्या वाऱ्यानंही खवळतो. रात्रीत वारा वाढला, तर सकाळी दोर सोडायचे नाहीत.