तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र सोडून म्युझियम कशाला?

बालीला जाऊन आलो असं सांगितलं की कुणी ना कुणी हमखास विचारतं, "एवढा खर्च करून बीचवर गेलात आणि म्युझियमं काय बघत बसलात?"

एक तर बालीतल्या सानूर किनाऱ्यावरच्या ल मेयर म्युझियमसाठी समुद्र सोडावाच लागत नाही. ते वाळूला लागूनच आहे. शेजारी जपानी युद्धभरपाईच्या पैशातून उभं राहिलेलं, १९६६ साली सुरू झालेलं दहा मजली हॉटेल. ते बघूनच पुढे बालीत माडापेक्षा उंच बांधायचं नाही असा नियम आला. नुसा पेनिडा या जवळच्या बेटाच्या बोटी गाठायला निघालेले प्रवासी जवळून जातात. आत वळणारे थोडेच.

हे घर आद्रियाँ-ज्याँ ल मेयर या बेल्जियन चित्रकाराचं. जन्म ब्रसेल्सचा, १८८०. बालीत आला १९३२ साली. नी पोलोक ही लेगाँग हा बालीचा पारंपरिक नाच करणारी मुलगी त्याची मॉडेल झाली आणि १९३५ मध्ये बायको. तो पन्नाशी उलटलेला, ती विशीही न गाठलेली. हे कळल्यावर चित्रं पूर्वीइतक्या निवांतपणे बघवत नाहीत, आणि बघूही नयेत असं मला वाटतं. भिंतींवर बहुतेक तीच दिसते. बागेत, फुलांत, झाडांतून गळणाऱ्या उन्हात, बहुधा उघड्या अंगाने. जपानी अंमलात कॅनव्हास मिळेना, तेव्हा तो गोणपाटासारख्या जाडसर विणीवर रंगवत राहिला. खाऱ्या दमट हवेने बरीच चित्रं मळकटली आहेत. तो १९५८ मध्ये गेला. घर सरकारला देऊन झालं होतं, तरी पोलोक १९८५ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिली. त्या घरात मला तिच्याबद्दलच जास्त जाणून घ्यावंसं वाटलं.

आणि हे ऊन, ही फुलं, ही हसरी मुलगी आधी कुठे पाहिली होती? ट्रॅव्हलवाल्यांच्या जाहिरातीत! आपण जी बाली बघायला जातो ती बरीचशी अशा पाहुण्यांनी रंगवलेली आहे. मग तिथल्या माणसांनी काय रंगवलं, ते बघायला बेटाच्या आतल्या भागातल्या उबुद गावाला जावं लागतं. सुतेजा नेका यांनी १९८२ मध्ये उघडलेलं नेका म्युझियम त्यासाठी उत्तम.

तिथे कामासान या गावाच्या पारंपरिक शैलीतले पांडव भेटतात, छायाबाहुल्यांसारखे, कोनात वळलेल्या चेहऱ्यांचे. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी पाहिलेल्याला ते परके वाटणार नाहीत. बालीच्या लोकांच्या कथा मात्र वेगळ्या. त्यांचा भीम पंडू आणि माद्रीला सोडवायला थेट नरकात जातो. क्लुंगकुंगच्या कर्ता गोसाचं, म्हणजे तिथल्या जुन्या न्यायमंडपाचं, छत याच कथेने भरलंय.

उबुदजवळच्या बातुआन गावची चित्रं तर बोटभरही जागा मोकळी सोडत नाहीत. जंगल, राक्षस, मिरवणुका, सगळं दाटीवाटीने. निवांत पसरलेली वाळू शोधून सापडत नाही. बालीतल्या श्रद्धेत देव डोंगराकडे, समुद्र खालच्या दिशेला. न्येपीच्या, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या मौनदिवसाच्या, आधी देवांना शुद्धीसाठी वाजतगाजत समुद्रावर नेतात, अस्थीही तिथेच सोडतात. टॉवेल टाकून पडायची जागा ही कल्पना बाहेरून आली. वायान बेंडी या बातुआनच्याच चित्रकाराने पुढे त्या गर्दीत विमानं, लाटांवरचे सर्फर, कॅमेरेवाले पर्यटकही घुसवले. देव-राक्षसांच्या शेजारी, त्याच आकाराचे आणि थोडे हास्यास्पद. तिथे मला आपण दिसलो, आणि मजा वाटली.

बाकी व्यवहाराचं विचाराल तर सकाळी पोहून घ्या, सानूर पूर्वेला आहे, सूर्योदय छान दिसतो. दुपारी वाळू चटके देते, तेव्हा उबुद. मुलं कुरकुरली तर बेंडीच्या चित्रात सर्फर शोधायला सांगा. आमची मुलं तिथून हलायला तयार नव्हती.