पाटीवरचा अनुस्वार

कोल्हापुरात आम्ही उपाहारगृह काढत होतो. त्याच्या पाटीसाठी पहिल्याच भेटीत मी डिझायनरला सांगून टाकलं, "फेटा पाहिजे, लाल मिरची पाहिजे, मागं कुस्तीचा आखाडा." तिनं वही मिटली. "ताई, आधी गावातल्या पाट्या बघून या." मग एका संध्याकाळी मी आणि आमचे हे राजारामपुरीतून निघालो ते बिंदू चौक, महाद्वार रोड करत पार रंकाळ्यापर्यंत. फेटे मोजायचं मी अर्ध्या वाटेतच सोडून दिलं.

पुढच्या वेळी तिनं विचारलं, तांबड्या रश्श्याची चटणी कुठली? सासूबाई आतूनच म्हणाल्या, "घरची. कुटून होईस्तोवर मी कांडपावरनं हलत नाही. दुसऱ्याचं तिखट मिसळलं तर काय घ्या!" दर उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, तळलेला कांदा, लसूण असा डबा घेऊन त्या तिथं, मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत, बसतात. नाव तिथंच सापडलं: कांडप.

आधीच्या नावात 'कोल्हापुरी' होतं. वकिलांनी समजावलं, गावाचं नाव किंवा मालाचं नुसतं वर्णन ट्रेडमार्क म्हणून मिळवणं अवघड. 'कांडप' उपाहारगृहासाठी चालेल, म्हणजे वर्ग ४३ मध्ये; मसाल्याच्या पुड्यांवर मात्र तेच नाव वर्णन ठरू शकतं. म्हणून एकाच वर्गात ऑनलाइन अर्ज केला, वैयक्तिक अर्जाची फी ४,५०० रुपये. अर्ज भरला की नावापुढं 'टीएम' लावता येतं, वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्यावरच.

रंगानं सर्वात जास्त दमवलं. आम्हाला कटाचा, म्हणजे रश्श्यावर तरंगणाऱ्या तिखट तेलाचा, तांबडा हवा होता. स्क्रीनवर तो पेटल्यासारखा दिसायचा आणि कागदावर विटकरी उतरायचा, कारण स्क्रीन प्रकाशानं रंग दाखवते आणि छपाई शाईनं. शेवटी पांढऱ्या ताटलीत चमचाभर कट घेऊन आम्ही दिवसाउजेडी छापखान्यात गेलो. तिसऱ्या नमुन्याला जमलं. पांढऱ्या रश्श्यासाठी वेगळा रंग घेतलाच नाही, मेन्यूचा मोकळा कागद तोच.

ह्यांना इंग्रजी नाव मोठं हवं होतं, अंबाबाईला येणाऱ्या परगावच्या लोकांसाठी. पण राज्याच्या कायद्यानं पाटीवर देवनागरी मराठी लागतंच आणि तिचं अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू आहे. मला तर बरंच वाटलं. चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात मराठी अक्षर कोपऱ्यात का बसावं?

ॲक्रिलिकची पाटी आली ती 'काडप' होऊन. शिरोरेषेमुळं सगळी अक्षरं एकाच तुकड्यात कापली जातात. अनुस्वार तेवढा सुटा, आणि तो कारखान्यातच राहिला होता. मला रडू आलं, उद्घाटनाला चार दिवस होते. डिझायनर मात्र पाटीकडं बघतच राहिली. म्हणाली, "ताई, टिंब सुटंच आहे तर तेवढंच तांबडं करूया का? बाकी अक्षरं काळी." मग मेन्यूवर, बिलावर, पार्सलच्या पिशवीवर तोच कटाचा थेंब आला. फेटा नाही, मिरची नाही.

आदल्या रात्री कारागीर शिडीवर चढून तो बसवत होता. सासूबाई खाली रस्त्यावर उभ्या होत्या, मान वर करून. "जरा उजवीकडं घे रं बाळा, कान्यावर येऊ दे."