तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या बॉण्डचा कोट

"तुम्ही तर पक्के ब्रॉस्ननवाले, मग त्या डॅनियल क्रेगला शरण कसे गेलात?" जेम्स बॉण्ड या पडद्यावरच्या इंग्रजी गुप्तहेराची भूमिका करणाऱ्या या दोन नटांवरून हा प्रश्न मला परभणीत वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि २०२१ च्या चित्रपटात क्रेगच्या बॉण्डचा अंत झाल्यापासून, पुढचा बॉण्ड कोण या गप्पांच्या ओघात, तो जरा जास्तच विचारला जातो. शरण गेलो हे मला मान्य आहे. फक्त ती शरणागती कुठे घडली याचा विचारणाऱ्यांचा अंदाज नेहमी चुकतो. त्यांना वाटते, हाणामारीत घडली असावी.

मी शिंप्याचा मुलगा आहे. वडिलांच्या दुकानात काजे करत वाढल्यामुळे पडद्यावर मला बंदुकीच्या आधी कोट दिसतो, आणि पिअर्स ब्रॉस्ननचा कोट १९९५ ते २००२ या काळातल्या चारही चित्रपटांत इतका नेमका बसलेला होता की त्याच्यावर माझा जीव जडला, यात नवल नव्हते. १९९९ च्या चित्रपटात थेम्स नदीवरच्या पाठलागात त्याची बोट क्षणभर पाण्याखाली जाते आणि तो तिथेही टायची गाठ सारखी करतो, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे २००२ साली त्याला अदृश्य होणारी मोटार देण्यात आली. तिचे समर्थन मी चारचौघांत हिरिरीने केले, पण मनातून ओशाळलो होतो.

त्यानंतर ऑक्टोबर २००५ मध्ये क्रेगच्या नावाची घोषणा झाली. योगायोग असा की त्यालाही त्याच थेम्सवरून बोटीने आणण्यात आले; मात्र सूटवर लाइफ जॅकेट चढवून! वर्तमानपत्रातला तो फोटो पाहून माझा एक मित्र म्हणाला, "ह्यो बॉण्ड हाय का बॉण्डचा डायव्हर?" त्याच्यापेक्षा मोठ्याने मी हसलो. पिंगट केस, आडवा बांधा, उंचीही आधीच्या बॉण्डपेक्षा कमी. तिकडे इंग्लंडमध्ये काही चाहते बहिष्काराची भाषा करत होते आणि इकडे आमची त्यांना मनोमन साथ होती. गियरची गाडी त्याला चालवता येत नाही, अशी आवईही तिकडच्या वर्तमानपत्रांनी उठवली होती. ती खोटी निघाली, पण आम्ही बरेच दिवस चवीने चघळली.

नोव्हेंबर २००६ मध्ये 'कसिनो रोयाल' प्रदर्शित झाला. इंग्रजी चित्रपट परभणीत येईपर्यंत धीर कुठला, म्हणून आम्ही दोघे सकाळच्या गाडीने औरंगाबादला गेलो आणि हिंदीत भाषांतरित केलेला खेळ पाहिला. मादागास्करमधल्या पाठलागात पळणारा माणूस भिंतीवरच्या अरुंद फटीतून मासोळीसारखा निसटतो, आणि मागून येणारा बॉण्ड ती भिंतच फोडून बाहेर येतो, तेव्हा थिएटर शिट्ट्यांनी दणाणले. मला मात्र तो अजून रांगडा गडीच वाटत होता.

मग रेल्वेत भेटलेली नायिका व्हेस्पर त्याच्या खोलीत त्याच्यासाठी शिवून आणलेला डिनर जॅकेट ठेवते. माप न घेता शिवलेला! पहिल्या भेटीतच तुला मापून घेतले, असे ती सांगते, तेव्हा मी सावरून बसलो, कारण गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच नजरेने छाती आणि खांदा मापणारा माणूस मी रोज घरी पाहत होतो. बॉण्ड आरशासमोर तो कोट घालून पाहतो. ट्रायलला आलेल्या, आणि हे आपल्यालाच शोभते आहे का, अशा शंकेत पडलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा होतो. आधीचे बॉण्ड कोट घालूनच जन्माला आले होते. याला तो कुणीतरी चढवत होते.

पुढे जिन्यातल्या झटापटीनंतर तो रक्ताने माखलेला शर्ट उतरवतो, जखमा धुतो, घोटभर दारू घेतो आणि नवा शर्ट चढवून पत्त्यांच्या टेबलावर परततो. नंतर व्हेस्पर त्याला शॉवरखाली भिजत बसलेली सापडते. हाताला लागलेले रक्त जात नाही, असे ती म्हणते. तो काही न बोलता, अंगावरच्या त्या कपड्यांसकट तिच्याशेजारी पाण्यात बसतो. शिट्ट्या कधीच थांबल्या होत्या. पाण्याखाली टाय सारखा करणाऱ्याच्या भक्ताने इस्त्रीचा शर्ट भिजताना पाहिला आणि त्याचे त्याला काहीच वाईट वाटले नाही. मी वळलो तो तिथे. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनीच १९९५ मध्ये ब्रॉस्ननलाही उभे केले होते, हे आठवल्यावर आपण पक्ष बदलला अशी टोचणीही फारशी राहिली नाही.

शेवटी तो सरोवराकाठच्या बंगल्यापाशी तीन तुकड्यांच्या सुटात उभा राहतो, स्वतःचे नाव सांगतो, आणि चित्रपटभर राखून ठेवलेली ती ओळखीची धून तेव्हा कुठे पुरती वाजते. मित्र म्हणाला, "आता झाला बॉण्ड."

रात्री घरी पोहोचलो तेव्हा वडील जागेच होते. नजरेने माप घेणाऱ्या बाईची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि एवढेच विचारले, "खांद्याला झोळ व्हता का?"

"नव्हता," मी म्हणालो.