द्राक्षाला देतात ते शेवाळ हेच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलांचे पालक विभागात आले की भिंतीवरच्या हिरव्या समुद्री शेवाळाच्या नमुन्याकडे बोट दाखवतात. त्यांच्यात द्राक्षवाले बरेच. "मॅडम, आम्ही बागेला सोडतो ते सीवीड, म्हणजे समुद्री शेवाळ, हेच का?"

हे नाही. तुमच्या सीवीड अर्काच्या बाटलीत बहुधा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातलं अ‍ॅस्कोफायलम असतं, ते तपकिरी. किंवा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लावतात ते कप्पाफायकस, ते लाल गटातलं. भिंतीवर आहे ती अल्वा, रत्नागिरीच्या खडकावरची, हिरव्या गटातली. हिची एक जात, अल्वा लॅक्टुका, स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्येच नोंदवली.

नमुना कागदावर बसवायला डिंक लागत नाही. ट्रेमधल्या पाण्यात ती पसरायची, खालून कागद उचलायचा, वर मलमल घालून दाबायचं. वाळताना स्वतःच्याच बुळबुळीने चिकटते. ओली असताना उजेडासमोर धरली तर पलीकडची बोटं दिसतात, कारण सगळी जाडी दोन पेशींची. मुळं नाहीत, शिरा नाहीत. बुडाशी खडक धरून ठेवणारी बारीक चकती, आणि अन्नद्रव्यं सगळ्या अंगाने ओढायची.

मला सर्वांत नवल वाटतं ते वेगळंच. जिवाणू पूर्ण काढून टाकलेल्या पाण्यात वाढवली तर अल्वा पानासारखी पसरतच नाही, पेशींचा वेडावाकडा पुंजका होतो. अंगावरचे ठरावीक जिवाणू जी द्रव्यं सोडतात, त्यांच्यामुळे ती आकार धरते. एवढ्या साध्या दिसणाऱ्या जिवाचा आकारसुद्धा त्याच्या एकट्याचा नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मला ते तितकंच भारी वाटतं.

आता तुमच्या कामाचं. नत्र मिळालं की ही बेसुमार वाढते. फ्रान्समधल्या ब्रिटनीत शेतांतलं नायट्रेट ओढ्यांवाटे समुद्रात जातं आणि किनाऱ्यावर अल्वाचे ढीग लागतात. ते कुजले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. 2009 मध्ये तिथे त्या वायूने एक घोडा मेला, स्वार बेशुद्ध पडला. युरिया हात सैल सोडून टाकणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते, कारण आपल्या बांधावरून वाहून गेलेलं नत्रही नदीलाच मिळतं.

अल्वातल्या अल्वन या शर्करेने पिकांची रोगप्रतिकारशक्ती जागी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा पुढची बाटली घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. शेवाळाचं नाव नसेल तर दुकानदाराला विचारा. अल्वा लिहिलेलं असेल तर मला फोटो पाठवा.